हॉलसाठी रिसीव्हर घेताना

गेल्या अंकात टीव्हीच्या आवाजाबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि त्यानंतर आलेल्या पत्रांचा रोख एकाच वस्तूवर आला: होम थिएटरचा रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन तो वेगवेगळ्या स्पीकरांना वाटून देणारा डबा. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आहेत. अमळनेरच्या वाचकांनी खोलीचं माप, बजेट, घरातली माणसं असं सगळं नीट लिहिलंय, म्हणून त्यांच्या पत्राला जास्त जागा देते. बाकीच्यांना अर्धं उत्तर त्यातच मिळेल.

प्रश्न (अमळनेर): ताई, नमस्कार. मागच्या वर्षी नवं घर बांधलं. हॉल १२ बाय १८ फूट, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला मोठी काचेची सरकती खिडकी, मागची बाजू डायनिंगला उघडी. टीव्ही ५५ इंची. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि आबा, वय ७८. आबा बातम्या, कीर्तन आणि जुने सिनेमे बघतात आणि सारखे म्हणतात, "काय बोली राह्यनात, काहीच समजत नही." मुलांना मारधाडीचे सिनेमे लागतात. एकूण खर्च एक लाखापर्यंत करू शकतो. दुकानदार म्हणतो १३० वॅटचा घ्या, ७० वॅटचा तुमच्या हॉलला पुरणार नाही. शिवाय ५.१ घ्यावा की ५.१.२, तेही कळत नाही.

उत्तर: भाऊ, तुमच्या अख्ख्या पत्रात कामाचं वाक्य आबांचं आहे. रिसीव्हर त्यांच्यासाठी निवडा. आबांना शब्द न् शब्द कळला, तर मुलांच्या मारधाडीला काही कमी पडणार नाही. धडाडधूम चांगलं वाजतं म्हणून घेतलेल्या सेटवर मात्र बोलणं कळेलच असं नाही. मी बरीच वर्षं पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, निवृत्तीनंतर जळगाव आणि आजूबाजूला लोकांच्या घरी जाऊन हे सेट लावून देते. आवाज कमी पडतो अशी तक्रार क्वचित ऐकली. बोलणं कळत नाही आणि गाणं लागलं की कान फाटतात, ही तक्रार मात्र घरोघरी आहे.

वय झालं की कानाला आधी वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ, ख ही व्यंजनं त्याच पट्टीत येतात. म्हणून आबांना कुणीतरी बोलतंय हे ऐकू येतं, पण काय बोलतंय ते उकलत नाही. त्यात आताच्या पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात, आवाज भिंतीवर आपटून मग आपल्याकडे येतो. तुमच्या टाइल्स आणि काच त्यात भर घालतात. रिमोटवरून आवाज वाढवून हे सुटत नाही.

रिसीव्हर इथे खरा उपयोगी पडतो. सिनेमाच्या ५.१ ध्वनीत सहा चॅनेल, म्हणजे एकेका स्पीकरसाठी वेगळा आवाज असतो: समोर तीन, मागे दोन आणि जड घुमारा वाजवणाऱ्या सबवूफरचा एक. त्यात बहुतेक सगळे संवाद मधल्या चॅनेलवर असतात, म्हणजे टीव्हीच्या खाली ठेवतो त्या सेंटर स्पीकरवर. रिसीव्हरच्या मेनूत जाऊन तेवढा एकच चॅनेल २-३ डेसिबलने वर घेता येतो. गाणी, गोळीबार, पाऊस आहे तिथेच राहतो आणि माणसाचं बोलणं पुढे येतं. आबांचे जुने सिनेमे आणि कीर्तनं दोनच चॅनेलची असतात, पण त्यावरही उपाय आहे. रिमोटवर 'डॉल्बी सराउंड' नावाचा मोड असतो, काही सेटवर 'न्यूरल एक्स' असतो. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज तो ओळखतो आणि सेंटरवर पाठवतो. कीर्तनकाराचा आवाज तसाच सारखा असतो. झांजा आणि टाळ्या बऱ्याच अंशी बाजूंनाच राहतात.

आता वॅट. १३० आणि ७० हे बरेचदा एकाच यंत्राचे दोन आकडे असतात. १३० हा आकडा असा काढतात: एकच चॅनेल चालू, ६ ओहमचा भार, १,००० हर्ट्झचा एकच सूर आणि १० टक्के विकृती. दहा टक्के विकृतीचा आवाज कुणी घरात ऐकत बसणार नाही. ७० चा आकडा मिळतो तो दोन चॅनेल एकदम चालवून, ८ ओहमवर, २० ते २०,००० हर्ट्झ या पूर्ण पट्ट्यात, विकृती ०.०८ टक्के धरून. दुकानात दुसऱ्या अटींचाच आकडा मागा आणि दोन यंत्रांची तुलना करायची तर त्याच आकड्यांची करा.

आणि तशी तुलना केली तरी फरक किती, तेही बघा. वॅट दुप्पट केले तर आवाज ३ डेसिबलने वाढतो. ७० वॅट आणि १०० वॅट यांत फरक आहे दीड डेसिबलचा, जो कानाला जेमतेम कळतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. ८८ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॅटवर, एका मीटरवर ८८ डेसिबल आवाज देतो. तुमचा सोफा तीनेक मीटरवर असेल, तिथे तो ऐंशीच्या आसपास येतो. समोरासमोर बसून आपण बोलतो तो आवाज साठ-पासष्ट डेसिबल असतो. म्हणजे रोजच्या बघण्यात तुमचा रिसीव्हर एका वॅटच्या आतच काम करणार आहे. बाकीचे वॅट स्फोटासारख्या क्षणिक आवाजांसाठी लागतात, आणि त्यातलाही जड भाग सबवूफर स्वतःच्या अ‍ॅम्प्लिफायरवर उचलतो. १२ बाय १८ च्या हॉलला खरे ७० वॅट पुरून उरतात. वॅटसाठी वेगळे पैसे देऊ नका. त्याऐवजी स्पीकरच्या खोक्यावरची संवेदनशीलता वाचा. ८६ ऐवजी ८९ डेसिबलचा स्पीकर घेतलात, तर रिसीव्हर दुप्पट ताकदीचा घेतल्यासारखंच झालं.

५.१ की ५.१.२? शेवटचा २ म्हणजे छतातले किंवा छताकडे आवाज फेकणारे दोन स्पीकर, वरूनही आवाज येतो त्या ध्वनीप्रकारासाठी, म्हणजे अ‍ॅटमॉससाठी. त्यासाठी सात चॅनेलचा रिसीव्हर लागतो. मुलांना आवडेल यात शंका नाही. पण एक लाखात सात चॅनेल बसवायचे म्हटले की काटछाट सेंटर स्पीकरवर येते, आणि ती मला मान्य नाही. माझा सल्ला असा: रिसीव्हरला ४०-४५ हजारांच्या पुढे जाऊ नका, उरलेल्यात सेंटर, पुढचे दोन आणि एक बरा सबवूफर घ्या. सेंटर आणि पुढचे दोन एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले असू द्या, नाहीतर पडद्यावरचा माणूस डावीकडून उजवीकडे जाताना त्याचा आवाज बदलतो. मागचे दोन स्पीकर पुढच्या दिवाळीला घेतले तरी चालतील. ३.१ वर सुरुवात करायला काहीच हरकत नाही, रिसीव्हरला तसं सांगितलं की मागचा आवाज तो पुढच्या स्पीकरवर वाटून देतो.

सेंटर निवडायला आबांना दुकानात घेऊन जा. दोन सेंटर स्पीकर समोर ठेवायला सांगा, आवाज दोन्हीचा सारखा करून घ्या, टीव्हीवर बातम्या लावा आणि आबांना पडद्याकडे पाठ करून बसवा. ओठ दिसत नसताना कुठल्या स्पीकरवर त्यांना वाक्यं पुरती कळतात, ते तेच सांगतील. घरी आणल्यावर तो युनिटच्या खणात आत ढकलू नका. पुढच्या कडेपर्यंत ओढून घ्या आणि पुढून रबराचे दोन तुकडे घालून तोंड थोडं वर, सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या कानाकडे करा. या दोन तुकड्यांनी पडणारा फरक मी अनेक घरांत पाहिलाय.

रिसीव्हरमध्ये मला दोन गोष्टी हव्यातच. पहिली, खोली मोजणारा माइक. यामाहात त्याला वायपीएओ म्हणतात, डेनन आणि मरांट्झमध्ये ऑडिसी, सोनीत डीसीएसी. ओंक्योच्या नव्या मॉडेलांत डिरॅक लाइव्ह येतं. ऑडिसीतही पायऱ्या आहेत: साधं मल्टइक्यू, त्यावर एक्सटी, त्यावर एक्सटी ३२. दोन मॉडेलांत अडलात तर ज्याची मोजणी वरच्या पायरीची आहे ते घ्या. मोजणी पहाटे करा. पंखे, कूलर, फ्रिज बंद. माइक हातात धरायचा नाही, सोफ्याच्या उशीवरही ठेवायचा नाही. मोबाइलचा ट्रायपॉड घेऊन आबांच्या कानाच्या उंचीवर लावा. रिसीव्हर एकेका स्पीकरमधून चुरचुर आवाज काढतो आणि खोलीतून काय परत येतं ते ऐकतो. तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही. मोजणी झाली की मेनू उघडून बघा. पुढचे स्पीकर 'लार्ज' दाखवत असतील तर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवा. ८० च्या खालचा घुमारा सबवूफरकडे गेला की छोट्या स्पीकरवरचं ओझं उतरतं आणि बोलणं मोकळं होतं.

दुसरी गोष्ट ईएआरसी. टीव्हीच्या अंगातल्या अ‍ॅपचा आवाज उलट्या दिशेने रिसीव्हरकडे आणणारी ही एचडीएमआय वायरीची सोय. साधं एआरसी २००९ मध्ये एचडीएमआय १.४ बरोबर आलं, ईएआरसी २०१७ मध्ये २.१ बरोबर. अ‍ॅपवरचे सिनेमे साध्या एआरसीवरही नीट चालतात, अ‍ॅटमॉससुद्धा, कारण तो दाबलेल्या स्वरूपात येतो. पण रिसीव्हर दहा वर्षं वापरायचा आहे, म्हणून ईएआरसी असलेलाच घ्या. टीव्हीच्या मागे ज्या भोकावर एआरसी लिहिलंय त्यातच वायर घाला, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज 'पीसीएम'वर अडकलाय का ते बघा. तिथे 'ऑटो' किंवा 'पासथ्रू' हवं. नुसत्या एवढ्यामुळे अनेक घरांत पाच स्पीकर असून दोनच वाजतात.

आता तुमचा हॉल. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर झिणझिण असा शेपटीसारखा आवाज ऐकू येत असेल, तर ती टाइल्स-काचांची करणी. दहा हजारांनी महाग रिसीव्हर घेण्याऐवजी त्यातल्या निम्म्या पैशांत खिडकीला जमिनीपर्यंत पोचणारे, भरपूर चुण्यांचे जाड पडदे लावा आणि सोफा व टीव्हीच्या मध्ये जाड सतरंजी अंथरा. आबांसाठी हा खर्च यंत्राच्या खर्चाइतकाच मोलाचा आहे.

आपल्याकडच्या उन्हाळ्याबद्दल कुठल्याच पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात लिहिलेलं नसतं. बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तिकेत रिसीव्हर ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात वापरा असं असतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश होतात आणि स्लॅबखालची खोली रात्री दहालाही तापलेलीच असते. नुसता चालू ठेवला तरी रिसीव्हर चाळीस-पन्नास वॅट उष्णता सोडतो. म्हणून काचेच्या दाराच्या युनिटमध्ये तो कोंडू नका, वर निदान सहा-आठ इंच जागा मोकळी ठेवा, त्याच्यावर सेट टॉप बॉक्स नको, क्रोशाचा रुमालही नको. कूलरचा झोत त्याच्या अंगावर येऊ देऊ नका. ती ओल आणि धूळ आतल्या पाट्यांवर एकत्र बसते. आणि कूलर सोफ्याच्या अगदी मागे असेल तर जागा बदला. मोठ्या कूलरची घरघर माणसाच्या बोलण्याच्या तोडीची असते, आबांच्या कानाशी ती चालू असताना कुठलाही सेंटर स्पीकर हरणार.

बिल करण्याआधी एवढं विचाराच: बिघडला तर दुरुस्ती कुठे होणार, नाशिक-पुण्याला पाठवावा लागणार का, आणि जाण्या-येण्याचा खर्च कुणाचा. खोका आणि थर्माकोल माळ्यावर जपून ठेवा.

प्रश्न (शिरपूर): मुलगा न्यू जर्सीला आहे. तिथे चांगला रिसीव्हर इथल्यापेक्षा बराच स्वस्त मिळतो. दिवाळीला येताना आणतो म्हणतोय. आणू द्यावा का?

उत्तर: आणू देऊ नका, ताई. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची; आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर दोन्हीकडे चालतात म्हणून लोकांना वाटतं की हेही चालेल. रिसीव्हरचा ट्रान्सफॉर्मर तसा नसतो. मागच्या पाटीवर '१२० व्होल्ट' एवढंच लिहिलेलं असेल तर आपल्या प्लगात घातल्या क्षणी तो जळू शकतो. स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालवणारे आहेत, पण तो निदान हजार व्हीएचा लागतो, स्वतः गुणगुणतो, तापतो, आणि घरातल्या कुणीतरी एक दिवस रिसीव्हरची पिन सरळ भिंतीत घालण्याची भीती कायम राहते. शिवाय तिथली वॉरंटी सहसा इथे चालत नाही.

मुलाला काही आणायचंच असेल तर लांब पल्ल्याची फायबरची एचडीएमआय वायर किंवा स्पीकर वायरला लावायचे चांगले बनाना प्लग सांगा. साध्या स्पीकरला व्होल्टचा प्रश्न नसतो, वजनाचा असतो. सबवूफर मात्र नको, त्याच्या पोटात अ‍ॅम्प्लिफायर असतो.

प्रश्न (भुसावळ): नवीन रिसीव्हर लावला. सगळं चांगलं आहे, पण शांत प्रसंगात सतत 'हूं' असा आवाज येतो. रिसीव्हरच्या धातूच्या अंगाला हात लावला की बारीक मुंग्या येतात. कंपनीचा माणूस म्हणतो यंत्र ठीक आहे.

उत्तर: यंत्र ठीक असेलही, पण मुंग्या येतात ही गोष्ट आजच्या आज मनावर घ्या. तुमच्या प्लगला अर्थिंग मिळत नाहीये किंवा अर्धवट मिळतंय. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, त्यांचे अडॅप्टर यांतून किंचित गळणारा करंट एचडीएमआय वायरच्या कवचावरून रिसीव्हरच्या अंगावर येतो आणि जमिनीत जायला वाट नसली की तो तुमच्या हातातून वाट शोधतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या प्लगातल्या न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. फेजपासून अर्थपर्यंत २३० च्या जवळ यायला हवा. तिथे शंभर-दीडशे दाखवलं तर अर्थ कुठेतरी तुटलाय.

घराचा अर्थ पिट, म्हणजे अर्थिंगची पट्टी पुरलेला खड्डा, कधी उघडून बघितलाय का? आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पिटाभोवतीची माती सुकून पट्टीपासून सुटते आणि पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग एप्रिल-मेमध्ये नावापुरतं उरतं. उन्हाळ्यात दर आठवड्याला पिटात दोन बादल्या पाणी ओता.

हे सगळं नीट करूनही 'हूं' राहिलंच, तर केबलची किंवा डिशची गोल वायर सेट टॉप बॉक्समधून काढा. आवाज थांबला तर दोष त्या वायरीत आहे. तिचं कवच दुसरीकडे कुठेतरी जमिनीला जोडलेलं असतं आणि दोन अर्थांमध्ये फेरा तयार होतो. त्या वायरीवर हा फेरा तोडणारा आयसोलेटर लावून मिळतो. किंवा तो बॉक्स टीव्हीला जोडा आणि टीव्ही ते रिसीव्हर ऑप्टिकल वायर टाका. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही, म्हणून त्या दोघांमधली वाट तुटते. ऑप्टिकलवर ५.१ मिळेल, अ‍ॅटमॉस मिळणार नाही. आवाज फक्त सबवूफरमधून येत असेल तर आधी त्याची वायर बदलून पाहा.

कुणी सांगेल की रिसीव्हरची किंवा टीव्हीची अर्थची पिन काढून टाका, आवाज जाईल. आवाज जाईल, आणि त्याबरोबर घरातल्या माणसांचं संरक्षणही जाईल. असं कधीही करू देऊ नका.

प्रश्न (चाळीसगाव): जुना ५.१ चा तयार होम थिएटर सेट आहे, त्याचा मुख्य डबा बिघडला. स्पीकर आणि सबवूफर उत्तम आहेत. नवा रिसीव्हर घेऊन तेच वापरता येतील ना?

उत्तर: बहुधा नाही, आणि सक्तीने जोडाल तर नवा रिसीव्हर गमवाल. अशा तयार सेटचे स्पीकर पुष्कळदा ३ ओहमचे असतात. मागच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असेल. रिसीव्हर ६ किंवा ८ ओहमसाठी बनवलेला असतो. कमी ओहमवर त्याला जास्त करंट द्यावा लागतो, तो तापतो, 'प्रोटेक्ट' दाखवून बंद पडतो. चिठ्ठी नसेल तर स्पीकर सुटा करून मल्टिमीटरने मोजा: ८ ओहमचा साधारण सहाच्या आसपास दाखवतो, ४ ओहमचा तीनच्या जवळ. सबवूफरची अडचण वेगळी आहे. तुमच्या सबला वीजेची पिनच नसेल, तो डब्यावर चालत होता. रिसीव्हरच्या सबवूफरच्या भोकातून फक्त बारीक सिग्नल येतो, त्याला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला सबच लागतो.

घरात त्याआधीचे लाकडी खोक्याचे मोठे ८ ओहमचे स्पीकर कुठे पडले असतील तर ते मात्र काढा. कडेचं रबर किंवा फोम तुटलेलं नसेल तर पुढच्या जोडीसाठी ते छान चालतात.

प्रश्न (शहादा): घर मळ्यात आहे. दिवसा मोटारी चालू असल्या की १८० व्होल्ट, मध्यरात्री २५५ पर्यंत जातं. लाइट गेली की इन्व्हर्टर. रिसीव्हर टिकेल का?

उत्तर: दादा, स्टॅबिलायझरशिवाय नाही. टीव्ही या चढउतारात तगतो, त्याचा पॉवर सप्लाय तसा बनवलेला असतो. रिसीव्हरचा ट्रान्सफॉर्मर २५५ वर सतत तापत राहतो. टीव्हीचा छोटा स्टॅबिलायझर पुरणार नाही. एक केव्हीएचा, जास्त व्होल्टेजला तोडणारा आणि वीज आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून चालू होणारा घ्या. इन्व्हर्टर साइन वेव्ह असेल तरच त्यावर रिसीव्हर लावा. स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर भुणभुणतो आणि तापतो. वळवाच्या दिवसांत आभाळ भरून आलं की पिन तर काढाच, डिशची वायरही काढा. वीज पडल्याचा झटका मळ्यातल्या घरात बरेचदा त्या वायरीतून आत येतो.

प्रश्न (नंदुरबार): भाड्याची खोली, १० बाय १०. साउंडबार की रिसीव्हर?

उत्तर: साउंडबार, पण वेगळा सेंटर चॅनेल असलेला, म्हणजे ३.१ लिहिलेला. स्वतःचं घर झालं की रिसीव्हरचा विचार करा.

प्रश्न (रावेर): घराचं बांधकाम चालू आहे, भिंती झाल्या, प्लास्टर पुढच्या महिन्यात. सेट दोन वर्षांनी घेणार. आताच काय करून ठेवावं?

उत्तर: फार वेळेवर विचारलंत. टीव्हीच्या भिंतीपासून सोफ्याच्या दोन्ही बाजूंना, बसल्यावर कान येतो त्याच्या फूट-दीड फूट वर, एकेक बॉक्स सोडा. सबवूफरसाठी पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत एकेक. कुठल्या कोपऱ्यात तो कमी घुमतो ते सामान लागल्यावरच कळतं. स्लॅबखाली पीओपी करणार असाल तर सोफ्याच्या किंचित पुढे, वरती दोन बॉक्स अ‍ॅटमॉससाठी सोडा, आज ना उद्या लागतील. स्पीकरचा पाइप विजेच्या पाइपापासून वेगळा, निदान फूटभर अंतरावर, आणि एकमेकांना छेदावं लागलंच तर काटकोनात.

वायर दीड चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची घ्या, लांबी चाळीस फुटांच्या वर जात असेल तर अडीचची. स्वस्त 'स्पीकर वायर' अनेकदा तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं. टोक ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत करा. टीव्ही भिंतीवर आणि रिसीव्हर खाली युनिटमध्ये असेल तर त्या दोघांमध्ये दोन इंची पाइप टाका, कारण एचडीएमआयचं तोंड मोठं असतं आणि वायर काही वर्षांनी बदलावी लागते. वाकण एल्बोने नको, लांब बेंडने घ्या. प्रत्येक पाइपात ओढतार सोडून दोन्ही तोंडं चिकटपट्टीने बंद करा, नाहीतर प्लास्टरवाले सिमेंट आत जाऊ देतील. रिसीव्हरच्या जागी १६ अँपिअरचा अर्थिंगसह वेगळा पॉइंट घ्या, कूलरचा पॉइंट त्या सर्किटवर नको. आणि प्लास्टर चढायच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीला टेप लावून मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे दोन वर्षांनी ड्रिल कुठे मारायचं नाही ते कळेल.